तापल्यावर बोलणारं मशीन

धाराशिवच्या बसस्थानकापासून थोडं चालत गेलं की एका गल्लीच्या तोंडाशी ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान लागतं. पाटी नाही. दाराशी कोन फाटलेले स्पीकर आणि कर्ण्याची जळकी युनिटं यांचा ढीग पडलेला असतो, तीच ओळखायची खूण. आत फळ्यांवर आहुजाची पत्र्याची मशिनं एकावर एक रचलेली. प्रत्येकावर खडूनं गावाचं नाव लिहिलेलं: तेर, बेंबळी, काक्रंबा, येडशी. १९४० पासून चालत आलेली ही दिल्लीची कंपनी आपल्याकडच्या देवळांत, मशिदींत आणि ग्रामपंचायतींत इतकी मुरली आहे की खेड्यात ॲम्प्लिफायरला कुणी ॲम्प्लिफायर म्हणत नाही. ‘मशीन’ म्हणतात, आणि मशीन म्हटलं की बहुतेक वेळा आहुजाच असतं.

या अंकासाठी संपादकांनी ‘वापरलेल्या वस्तूंचा बाजार’ हा विषय दिला, तेव्हा मी या दुकानात येऊन बसायला लागलो. टेबलाशी बसणाऱ्या कारागिराला सगळे आप्पा म्हणतात. साठी ओलांडलेला, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेला माणूस. त्यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मालातला मोठा भाग लोकांनी नुकताच विकत घेतलेला असतो. घेताना चांगला वाजत होता, पहिल्याच कार्यक्रमात मध्येच बसला, ही तक्रार दिवसाकाठी एकदा तरी कानावर पडते.

म्हणून जाणती माणसं आता उलट करतात. पैसे देण्याआधी माल इथं आणतात. त्या दिवशी तुळजापूर तालुक्यातला एक तरुण आणि सोलापूरचा एक विकणारा असे दोघं मिळून एक जड पेटी उचलून आत आले. बेस गिटारचा १०० वॉटचा कॉम्बो, म्हणजे मशीन आणि १५ इंची स्पीकर एकाच खोक्यात. सोलापूरकरांचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि वाद्यं एकेक करून निघत होती. सांगितलेली किंमत १८,००० रुपये. तरुणाच्या पाठीला गिटारची पिशवी होती.

“आप्पा, तुमी बगा आन् सांगा. मग पैशाचं बोलू,” तो म्हणाला.

“गिटार आणलास, बेस झालं,” आप्पा म्हणाले. “लोक मोकळ्या हातानं येत्यात आन् मोबाइलवरचं गाणं लावून मशीन घेऊन जात्यात.”

खालच्या सुराला लागणारी ताकद

धाराशिव जिल्ह्यात बेस गिटार वाजवणारे फार नाहीत. लग्नाच्या वरातीपुढं चालणाऱ्या बँजो पार्टीत खालचा सूर कीबोर्डवाल्याचा डावा हात सांभाळतो आणि ठोका ऑक्टोपॅड देतो. तुळजापूरच्या आराधी मंडळांना आणि गोंधळ्यांना संबळ पुरतो. पण १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम लागतात, गणपतीत आणि जत्रांत ऑर्केस्ट्रे येतात, आणि तिथं आर. डी. बर्मनचं गाणं घ्या की ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’, चार तारांचं ते लांब मानेचं वाद्य नसेल तर गाण्याला बूड राहत नाही. श्रोत्याला काय कमी आहे ते सांगता येत नाही, पण पाय हलायचे थांबतात.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. साध्या गिटारच्या जाड तारेची ८२. म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली. ऐकायला हा फरक साधा वाटतो, पण स्पीकरच्या दृष्टीनं तो प्रचंड आहे. सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच मोठा ठेवायचा म्हटलं तर स्पीकरच्या कोनाला मागंपुढं चौपट हलावं लागतं. तेवढी हवा ढकलावी लागते. साध्या गिटारच्या किंवा घरगुती म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरला हे झेपत नाही. त्याची कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर येते, मागं आपटते आणि कधी तरी तिथंच अडकते किंवा जळते. आप्पांच्या दाराशी पडलेल्या ढिगात असे कितीतरी स्पीकर आहेत. कुणी कीबोर्डच्या छोट्या स्पीकरवर बेस चालवला, कुणी गिटारच्या.

पखवाज वाजवणारा धुमेवर कणीक लावतो, कारण खालच्या सुराला वजन लागतं हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. विजेच्या वाद्यात ते वजन पेटी, चुंबक आणि ट्रान्सफॉर्मर यांनी द्यावं लागतं. लिओ फेंडरनं अमेरिकेत १९५१ साली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि लगेच पुढच्या वर्षी तिच्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर काढला, कारण हातात वाद्य असून ते ऐकू येत नव्हतं. १९६९ साली अँपेग कंपनीनं ३०० वॉटचा एसव्हीटी काढला तेव्हा त्याच्या जोडीला दोन कॅबिनेटं दिली, एकेकात १० इंची आठ स्पीकर. स्टेजवरच्या वादकांमागं आजही तो उभा दिसतो.

वॉटच्या आकड्यानं मात्र गिऱ्हाईक फसतं. ५० वॉटचं मशीन काढून १०० वॉटचं आणलं तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. आणि मागच्या पट्टीवर ‘पीएमपीओ’ असं काही हजारांत छापलं असेल तर तो आकडा वाचायचाच नाही. ‘आरएमएस’पुढं काय लिहिलंय तेवढंच खरं. देवळाच्या सभामंडपात ढोलकी आणि कीबोर्डबरोबर बसून वाजवायला ६० ते १०० वॉटचा बेस कॉम्बो पुरतो. मोकळ्या मैदानात तो फक्त वादकाच्या पाठीमागं राहतो, लोकांपर्यंत आवाज साऊंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरांतून जातो. त्यामुळे मिक्सरकडं वायर नेण्याची ‘डीआय’ची कॅनन पिन मागं आहे का आणि चालते का, हे आपल्या भागात वॉटइतकंच महत्त्वाचं. आप्पांकडं येणारे बहुतेक जण ते विचारतच नाहीत.

माल येतो कुठून

धाराशिव जिल्हा दोन बाजारांच्या मध्ये आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. वरच्या अंगाला सोलापूर आणि पुण्याची तपकीर गल्ली, त्याही पलीकडं मुंबईचा लॅमिंग्टन रोड, खालच्या अंगाला हैदराबादची कोठी. उमरग्याचे साऊंडवाले हैदराबादकडं वळतात, तुळजापूर-धाराशिवचे सोलापूर-पुण्याकडं. बेस ॲम्प्लिफायर नवा घ्यायचा तर जिल्ह्यात दुकानात बघायला मिळणं कठीण, मागवावा लागतो. मग वापरलेल्याकडं लोक वळतात.

अलीकडच्या काही वर्षांत वापरलेला माल वाढला त्याला टाळेबंदीही कारण आहे. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. त्या वर्षी तुळजापूरचं नवरात्र भाविकांविना झालं. पुढच्या वर्षी पुन्हा बंद, ती घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला उघडली. जत्रा नाहीत, लग्नं पन्नास माणसांत, ऑर्केस्ट्रा तर कुणी बोलवायचा? हप्त्यावर घेतलेली मशिनं गोदामात पडून राहिली आणि पुढं मिळेल त्या भावात निघाली.

इथं एक गोष्ट विकणारे अभिमानानं सांगतात आणि घेणाऱ्यानं नेमकी तिचीच धास्ती घ्यायला हवी. “दोन वर्षं हातच लावला नाही, नव्यासारखा आहे.” आतले मोठे कंडेन्सर वापरात राहिले तर टिकतात, पडून राहिले तर बिघडतात. त्यांच्यातला आतला थर हळूहळू क्षीण होतो. मग अशा मशीनला एकदम पूर्ण वीज दिली की कंडेन्सर तापतो, फुगतो, कधी फुटतो. शिवाय गोदामात पाली, झुरळं आणि उंदीर असतात. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या एका मशीनची वायर उंदरानं सोललेली आप्पांनी मला दाखवली. वरून पाहिलं तर मशीनवर एक ओरखडा नव्हता.

आणखी एक वाट आहे, ती म्हणजे परदेशात नोकरीला असलेल्या भाच्या-पुतण्याची. अमेरिकेतून आणलेल्या मशीनच्या मागं १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, जपानी असेल तर १००. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात ते घातलं की क्षणात खेळ खलास. काही मशिनांत मागं व्होल्टेज बदलण्याचं बटण असतं, काहींत नसतं. नसेल तर कमी व्होल्टेज करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तोही मशीन जेवढी वीज ओढतं त्याहून चांगलाच मोठा, आणि मग दर कार्यक्रमाला ते ओझं बरोबर. किंमत ठरवताना ते धरायचं.

बंद असताना

आप्पांनी सोलापूरच्या कॉम्बोला हात लावला नाही. आधी त्याचा वास घेतला. मागच्या जाळीला नाक लावून. जळक्या वार्निशचा वास ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा कॉइलमध्ये वर्षानुवर्षं राहतो, तो कशानं जात नाही. मग स्क्रू बघितले. डोकी झिजलेली असतील तर मशीन उघडलेलं आहे. उघडणं हा दोष नाही, पण कुणी आणि कशासाठी उघडलं याचं उत्तर विकणाऱ्याकडं असलं पाहिजे. सोलापूरकर म्हणाले, पंखा साफ करायला. आप्पांनी मान डोलावली आणि वायरचं टोक हातात घेतलं.

थ्री पिन टॉपची जाड पिन कापलेली होती.

“हे कामून कापलं?”

“भुणभुण येत होती, मालक. ही काढली की जाते.”

आप्पा काही बोलले नाहीत. ती पिन त्यांनी तरुणाला दाखवली आणि वायर बाजूला ठेवली. तिच्याबद्दल पुढं लिहितो, कारण या सगळ्या खरेदीत जिवाशी गाठ असलेली ती एकच गोष्ट आहे.

मग फ्यूज. मागच्या पट्टीवर फ्यूजशेजारी ‘टी २ ए’ छापलं होतं, म्हणजे २ अँपिअरचा, सावकाश जळणारा. टोपण फिरवून काढलं तर आत काचेचा फ्यूज होता खरा, पण त्याला बाहेरून वायरच्या तारा गुंडाळलेल्या. जत्रेत रात्री फ्यूज उडतो, दुकानं बंद असतात, कुणीतरी तार गुंडाळून कार्यक्रम पार पाडतं आणि ती तार तिथंच राहते. त्यानंतर मशीनला राखणदार उरत नाही. पुढच्या वेळी काही बिघडलं तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो. वापरलेल्या मशीनमध्ये इतकी सांगणारी दुसरी जागा नाही असं मला आता वाटतं: फ्यूजचं टोपण उघडायला अर्धं मिनिट लागतं आणि मशीन कोणाच्या हातात होतं ते कळतं.

पुढची जाळी काढून आप्पांनी दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवली आणि तो सरळ आत दाबला, अगदी हलकेच. तरुणाला कान लावायला सांगितला. खरखर आली तर कॉइल चुंबकाला घासतेय, म्हणजे ती जळून फुगलेली तरी आहे नाही तर वाकडी बसलेली. इथं आवाज आला नाही. कोनाच्या कडेची घडी कापडाची होती. ती फोमची असली तर दहा-पंधरा वर्षांत आपोआप कुजते आणि बोट लावलं की भुगा होतो. एका ठिकाणी कोनावर फेव्हिकॉलचा पांढरा ठिपका दिसला, लहानशी चीर बुजवलेली. आप्पा म्हणाले, चालंल. मीटर लावला. ८ ओहमच्या स्पीकरनं साडेसहाच्या आसपास दाखवलं, म्हणजे बरोबर. मीटर नेहमी छापलेल्या आकड्याहून थोडं कमीच दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. दोन-अडीच दाखवलं तर कुणीतरी भलताच स्पीकर बसवलाय, आणि मशीनला तो पेलायचा नाही.

दुसरा स्पीकर जोडायचा विचार असेल तर हा हिशेब आधीच करावा. ८ ओहमचे दोन शेजारी-शेजारी जोडले की मशीनला ४ ओहम दिसतात. मागं ‘किमान ४’ लिहिलं असेल तर ठीक. तिसरा जोडला की मशीन गरम होऊन बसणार. व्हॉल्व्हच्या जुन्या मशीनची रीत वेगळी, ते स्पीकर न जोडता चालू करणंच घातक, पण तसली मशिनं आपल्याकडं क्वचित.

पिवळा बल्ब

आप्पांच्या टेबलाच्या कडेला लाकडी पाटीवर एक होल्डर आहे, त्यात काचेचा १०० वॉटचा पिवळा बल्ब. पाटीवरून निघालेल्या सॉकेटमधून मशीनला जाणारी वीज आधी या बल्बमधून जाते. याला सिरीजचा बोर्ड म्हणतात. टॉपला नवी पिन बसवून, आत बरोबर फ्यूज घालून, आवाजाची बटणं शून्यावर ठेवून त्यांनी कॉम्बो या बोर्डात लावला आणि स्विच दाबला.

बल्ब एकदम उजळला. तरुणानं श्वास रोखला. मग बल्ब मंद होत गेला आणि तारेला नुसती लाल धग राहिली. कंडेन्सर भरेपर्यंत मशीन वीज ओढतं, भरले की थांबतं. बल्ब उजळलेलाच राहिला असता तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, आणि बल्ब मध्ये असल्यामुळे जास्तीचं काही जळलं नसतं. हा बोर्ड घरी करायला शंभर-दोनशे रुपये लागतात. बल्ब मात्र तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. पिवळे बल्ब बाजारातून नाहीसे होत चाललेत म्हणून आप्पांनी पेटीभर साठवून ठेवलेत. नव्या हलक्या, एसएमपीएसवर चालणाऱ्या मशिनांना ही चाचणी नीट लागू पडत नाही, ती बल्बवर लुकलुकतात. ती मशिनं उचलायला सोपी, पण बिघडली तर त्यांचा अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि तो जिल्ह्यात मिळत नाही. माझं मत विचाराल तर खेड्यापाड्यांत वाजवणाऱ्यानं जुन्या वजनदार ट्रान्सफॉर्मरचंच मशीन घ्यावं. पाठ दुखेल, पण दुरुस्ती गावात होईल.

बल्ब मंद झाल्यावर आप्पा कोनाकडं बघत बसले. स्विच दाबताच कोन पुढं किंवा मागं सरकून तिथंच थांबला, तर स्पीकरवर सरळ वीज येतेय, आणि तो काही मिनिटांत जळणार. इथं कोन किंचित हलला आणि जागेवर आला. तरीही मीटर लावून खात्री केली. काही मिलिव्होल्ट. पन्नासच्या आत असलं की पुष्कळ.

एकेक घर

आता साध्या बोर्डावर लावून तरुणाच्या हाती गिटार दिली. पी-३८ जॅक आत गेला. आप्पांनी जॅक धरून वर-खाली हलवला, आवाज तुटला नाही. एकेक बटण फिरवलं, एक खरखरलं. त्याचं काही नाही, क्लीनरचा फवारा मारला की जातो. कुणी बटणाच्या खरखरीवरून हजार रुपये कमी करायला लावत असेल तर त्याला मशीन कळत नाही, आणि कुणी भुणभुणीकडं दुर्लक्ष करत असेल तर त्यालाही नाही. गिटार न जोडता आवाज वाढवत नेला तर थोडी सळसळ येणारच. पण बटण शून्यावर असतानाही जाड, घुमणारी भुणभुण येत असेल तर पुरवठ्याचे कंडेन्सर सुकलेत, ते बदलावे लागतील. आवाजाचं बटण फिरवल्यावर भुणभुण कमी-जास्त होत असेल तर दोष पुढं, वायरीत किंवा अर्थिंगमध्ये.

मग जाड तारेवर पहिल्या घरापासून एकेक सूर, लांब धरून. घाई नाही, गाणं नाही. मला हा भाग फार आवडला. प्रत्येक खोक्याचा स्वतःचा एक सूर असतो, त्यावर ते सगळंच्या सगळं थरथरतं. पाचव्या घरावर, म्हणजे सेकंदाला ५५ कंपनांच्या सुरावर, पेटीतून पत्रा वाजल्यासारखा आवाज आला. चौथ्यावर नाही, सहाव्यावर नाही. आप्पांनी तळहात पेटीवर फिरवत नेला. बाजूचं हँडल धरल्यावर आवाज थांबला. दोन स्क्रू आवळले, संपलं. तो आवाज स्पीकरचा असता तर हात कुठंही ठेवून थांबला नसता. गाणं वाजवून बघणाऱ्याला हे सापडत नाही, कारण गाण्यात तो सूर येऊन निघून जातो.

मध्येच आवाज एकदम बारीक झाला. सोलापूरकरांचा चेहरा उतरला. आप्पांनी एक छोटी वायर घेऊन मागच्या ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ या दोन जॅकमध्ये लावली, आवाज परत आला. हे जॅक वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही, आतल्या पातीवर गंज चढतो आणि आवाज तिथं अडतो. असं मशीन लोक ‘आयसी गेला’ म्हणून निम्म्या किमतीत विकतात. घेणाऱ्याच्या खिशात हातभर वायर असेल तर त्याचा फायदा.

अर्धा तास

इथंवर पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. सोलापूरकर उठले. “बघितलं ना सगळं? मग ठरवून टाका. मला सातची गाडी आहे.”

“बसा,” आप्पा म्हणाले. “चहा येयलाय.”

त्यांनी तरुणाला सांगितलं, आवाज निम्म्याच्या वर ठेव आणि वाजवत राहा. जे सुचंल ते. दुकानाच्या फळ्यांवरची मशिनं थरथरायला लागली. शेजारचा शिंपी डोकावून गेला. चहा आला, संपला. पंखा फिरत होता पण त्याला धार नव्हती. पात्यांवर कापसासारखी धूळ बसलेली. मागचा पत्रा आधी कोमट, मग हात ठेवता येईना इतका तापला.

त्यानंतर मशीन बोलायला लागलं. आधी लांबून फटाका वाजावा तशी एक टिचकी. मग दोन. मग जाड तारेचा सूर धरला की तो मध्येच फाटायला लागला. आप्पांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर हलकेच टकटक केलं, प्रत्येक टकटकीबरोबर आवाज तुटला. “डाग सुकलाय,” ते म्हणाले.

गार असताना धातू आकुंचन पावलेला असतो, सोल्डरचा सुटलेला डाग टेकून राहतो आणि मशीन गुणी मुलासारखं वाजतं. तापलं की सगळं फुगतं आणि तो डाग सुटतो. सुकलेला कंडेन्सर, कुचंबलेला पंखा, एक खरा आणि एक नकली बसवलेली आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी, हे सगळे आजार असेच, गारव्यात लपणारे. नकली ट्रान्झिस्टरचा प्रश्न तर मोठा आहे. ५२०० आणि १९४३ या नंबरची जोडी आपल्याकडच्या किती तरी मशिनांत असते आणि बाजारात तिच्या नकला खच्चून भरल्यात. आत चिमुकला तुकडा, बाहेर छपाई हुबेहूब. घरगुती आवाजात चालतात, जत्रेच्या आवाजात पहिल्या तासात उडतात, आणि जाताना स्पीकरही घेऊन जातात.

या सगळ्या शोधात मला सांगण्यासारखं जे सापडलं ते हेच. वापरलेलं मशीन विकणारा पाच मिनिटं वाजवून दाखवतो, आणि पाच मिनिटांत कुठलंच मशीन खोटं ठरत नाही. ऑर्केस्ट्रा चार तास चालतो. म्हणून घेणाऱ्यानं वेळ विकत घ्यावा. आपलं वाद्य, आपली वायर, निम्म्याच्या वर आवाज आणि किमान अर्धा तास. विकणारा एवढं थांबायला तयार नसेल तर मशीन कितीही सुंदर असो, पेटी उचलू नये. पुण्याहून फोटो पाठवून, आगाऊ पैसे मागून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून माल पाठवणाऱ्यांकडून तर मुळीच घेऊ नये. शहरातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भांडायला जाता येतं. भूम-परंड्याच्या पोराचा एक दिवसाचा रोजगार आणि गाडीभाडं आधीच गेलेलं असतं, तो परत जात नाही. आप्पांकडं येतो.

मांडवातली वीज

आता त्या कापलेल्या पिनेकडं येतो. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. मशीनच्या आत वीज पत्र्याला लागली तर ती या पिनेतून जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, एवढीच तिची नोकरी. गिटारच्या तारा वायरमधून मशीनच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. पिन नसेल तर पत्र्यावर आलेली वीज तारांवर येऊन बसते. वादकाला कळतही नाही, कारण तो लाकडी फळीवर उभा असतो. मग गायनात साथ द्यायला तो पुढं वाकतो, ओठ माइकच्या जाळीला लागतात. माइक दुसऱ्या मशीनचा, त्याला अर्थिंग व्यवस्थित. वीज एका हातातून शिरून छातीतून वाट काढते.

१९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवर असाच गेला. एका हातात गिटार, दुसरा हात माइकला. चार वर्षांनी यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी, अर्थिंग नीट नसलेली गिटार वाजवताना गेला. ही नावं मोठी म्हणून लिहून ठेवली गेली. मांडवात झटका बसून हात झटकणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत, आणि ‘जरासा करंट मारतोय’ म्हणून पुन्हा वाजवायला लागणारीही.

भुणभुण घालवायची रीत वेगळी आहे. सगळी मशिनं आणि मिक्सर एकाच बोर्डावरून वीज घेतील असं बघायचं आणि मिक्सरकडं जाणाऱ्या डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असेल तर ते दाबायचं. पिन कधीच कापायची नाही. आणि वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी साधा मीटर एसीवर ठेवून एक सुई गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला लावायची. शून्याजवळ असेल तर निर्धास्त वाजवा. शंभराच्या वर काही दिसलं तर कुठल्या तरी मशीनचं अर्थिंग नाही. ते सापडेपर्यंत हात लावायचा नाही.

मांडवात अर्थिंगच नसतं, हे खरं. शेतातल्या लग्नात खांबावर आकडा टाकून किंवा जनरेटरवरून वीज येते. उमरग्याकडच्या एका साऊंडवाल्यानं मला त्याची तयारी दाखवली: चार फुटी तांब्याची सळई, हातोडा आणि मिठाचं पाणी. मांडवाच्या कडेला सळई ठोकतो, पाणी ओततो, बोर्डाची अर्थ तिला बांधतो. शिवाय बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा स्विच बसवलाय. पोरं चेष्टा करतात, तो करू देतो. त्याचा दुसरा नियम न्यूट्रलचा. थ्री फेजच्या ठिकाणी न्यूट्रल तुटला तर सॉकेटमध्ये २३० ऐवजी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात आणि रांगेतली सगळी मशिनं एका झटक्यात जातात. म्हणून आधी सॉकेटला मीटर, मग मशीन. जनरेटर असेल तर सगळ्या हॅलोजन लागल्यावर पुन्हा एकदा मीटर.

भाव

सोलापूरकरांची सातची गाडी गेली. आप्पांनी हिशेब तोंडीच केला. आतले डाग पुन्हा द्यायचे, पंखा नवा, पुरवठ्याचे दोन कंडेन्सर बदलायचे, सेंड-रिटर्नचे जॅक साफ, नवी वायर थ्री पिनसकट. ट्रान्झिस्टर त्यांनी उघडून बघितले, जुनेच, कंपनीचे, आणि यानं त्यांचा सूर बदलला. “आतला माल खरा हाय. कुणी हात घातला न्हाई.” आत बघायचं असेल तर कारागिरालाच उघडू द्यावं. वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज राहते.

“मालक, अकरा हजार,” तरुण म्हणाला.

“अहो, नवीन किती पडतो माहितेय ना?”

“ठाऊक हाय. पण ह्यो नवीन न्हाई.”

साडेअकराला जमलं. आप्पांनी एक कागद पुढं केला. मशीनचं नाव, मागचा नंबर, तारीख, दोघांच्या सह्या, विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स. नंबरची पट्टी खरवडलेली असती तर इथंच थांबले असते. देवस्थानांचे आणि शाळांचे चोरीला गेलेले ॲम्प्लिफायर फिरत असतात, आणि पोलीस आले की माल ज्याच्या घरी सापडतो त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

खरेदीची वेळ हाही भावाचा भाग आहे. तुळशीच्या लग्नानंतर आणि चैत्रातल्या जत्रांच्या तोंडावर सगळ्यांनाच मशीन हवं असतं, भाव चढलेला असतो. आषाढात लग्नं थांबतात, पावसात मैदानं बंद, गणपतीला अवकाश असतो. आप्पांच्या मते त्या दोन महिन्यांत घेणाऱ्याचं चालतं, आणि दुरुस्तीला सवडही मिळते.

कॉम्बो दुकानातच राहिला, चार दिवसांचं काम होतं. जाताना तरुणानं विचारलं, टमटममधून नेताना कसा ठेवू. आप्पा म्हणाले, उभाच ठेव, जाळीची बाजू सीटच्या पाठीला, खाली पोतं घाल, आणि वर कुणाला बसू देऊ नको. घरी नेल्यावर लगेच चालू करू नको, तासभर ठेव. महिन्यातून एकदा तरी वाजव, कार्यक्रम असो नसो.

“आन् रात्री दहाच्या आत,” शिंपी दारातून म्हणाला. खालचा सूर भिंतीतून पार जातो, वरचा अडतो. दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहे, आणि गल्लीतली तक्रार नेहमी बेसचीच होते. तरुणानं गिटारची पिशवी पाठीला लावली आणि तुळजापूरची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारत तो बसस्थानकाकडं निघाला.